डासाला डेंग्यू होतो, मग तो मरत का नाही?

ताई, तुमचे दोन प्रश्न: विषाणू अंगात घेऊन फिरणारा डास आजारी का पडत नाही, आणि कूलर रिकामा केला तरी डास कुठून येतात. कीटकांच्या प्रयोगशाळेत काही वर्षं डास फाडलेत, म्हणून जरा लांबण लावतो. (हिवताप परजीवीमुळे होतो, त्याची गोष्ट वेगळी.)

एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यू पसरवणारी डासाची जात, तिच्या मादीनं रुग्णाचं रक्त प्यायलं की विषाणू आधी तिच्या आतड्याच्या भिंतीत शिरतो. कित्येक माद्यांत तो तिथंच अडकतो. पुढं सरकलाच तर अंगभर पसरून शेवटी लाळग्रंथींत पोचतो. डासाकडे आपल्यासारख्या अँटीबॉडी नसतात, पण विषाणूच्या आरएनएचे (त्याच्या जनुकीय मजकुराचे) तुकडे करणारी यंत्रणा असते. ती विषाणूला संपवत नाही, फार माजू देत नाही एवढंच. आपला ताप बराचसा आपल्याच प्रतिकारशक्तीनं चढवलेला असतो. डासात तसा भडका उडत नाही. मादी जन्मभर विषाणू बाळगते. अगदी फुकटात मात्र नाही. काही प्रयोगांत अशा माद्या लवकर मेल्या, अंडीही कमी घातली. काहींत फरकच दिसला नाही.

मिठाच्या पाण्याच्या थेंबात डासाचं डोकं सुईनं हळूच ओढलं की मागोमाग दोन काचेसारखे झुपके येतात, प्रत्येकाला तीन बोटं. त्या लाळग्रंथी. विषाणू असो वा नसो, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. चाचणीशिवाय कळत नाही.

रक्त पिण्यापासून विषाणूला या लाळग्रंथींपर्यंत यायला 25 ते 30 अंश तापमानात साधारण 8 ते 12 दिवस लागतात. याच दिवसांनी क्यूबात डॉक्टर कार्लोस फिनलेंना चकवलं. पीतज्वर (यलो फीवर, हाही याच डासातून पसरणारा विषाणूचा आजार) डासामुळे होतो हे त्यांनी 1881 मध्येच मांडलं होतं, पण त्यांचे डास रुग्णाला चावल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्याला चावायला सोडलेले असत. 1900 मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकानं सुमारे बारा दिवस थांबून बघितलं, तेव्हा लोक खरोखर आजारी पडले. बिचाऱ्या फिनलेंना त्याआधी वीस वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

आता कूलर. मादी अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात, आणि थोड्या अंड्यांत आईकडून विषाणूही उतरलेला असू शकतो. तुम्ही पाणी ओतून टाकलंत, अंडी कडेलाच राहिली; पुन्हा पाणी भरलं की ती फुटतात. आठवड्यातून एकदा टाकीच्या कडा काथ्यानं खरवडून घासा.