प्रश्न विचारलास ना, मग गप्प बस

पोरी,

थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या नोकरीसाठी ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, त्यात द्यायच्या डेमोचा, म्हणजे नमुन्याच्या तासाचा, तुझा सरावाचा व्हिडिओ काल रात्री दोनदा बघितला, दुसऱ्यांदा तर वही-पेन घेऊन बसले. अकरा मिनिटांत तू सात प्रश्न विचारलेस आणि सातही प्रश्नांची उत्तरं तूच देऊन टाकलीस. "डू यू लाइक ब्रिंजल? येस, आय लाइक ब्रिंजल! व्हेरी गुड!" कुणाला गं व्हेरी गुड? समोर तुझा भाऊ विद्यार्थी होऊन बसलाय, बिचाऱ्याने तोंड उघडलेलं दिसतंय, आवाज बाहेर यायच्या आत तू वांग्यावरून भेंडीवर पोचलेली.

आणि मेसेजमध्ये विचारतेस काय, तर मराठी मीडियमचं सांगू की लपवू, उच्चार अमेरिकन ठेवू की ब्रिटिश, मागे पडदा कुठल्या रंगाचा लावू. पडद्याचं काय घेऊन बसलीस! पण मला माहितीये हे कुठून येतं. कराडहून थेट बँकॉकच्या माणसांसमोर बसायचं म्हटल्यावर माणूस पडद्यालाच धरून बसतो. मीही बसले होते, 2012 मध्ये, सायबर कॅफेत, स्काइपवर, नवीकोरी साडी नेसून, आणि मागे दोन पोरं गेम खेळत होती.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. दहा वाजता बँकॉक टाइम म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. तू साडेअकरा लिहिलंयस, दीड तास उलटा मोजलास, म्हणजे त्यांचा इंटरव्ह्यू संपल्यावर तू लॉग इन करणार. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे असतं, भिंतीवर लिहून ठेव. लॅपटॉप दोन स्टीलच्या डब्यांवर ठेव म्हणजे कॅमेरा डोळ्यासमोर येईल, आत्ता तुझ्या नाकपुड्याच दिसतायत. खिडकी पाठीमागे नको, समोर घे. स्वतःचा चेहरा दिसतो ती छोटी चौकट बंद करून टाक, तू सारखी स्वतःकडेच बघतेस. महावितरणवर विसंबू नको, मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेव. झालं. यापेक्षा जास्त वेळ यात घालवायचा नाही.

आता मुद्दा. प्रश्न विचारलास की गप्प बस.

हे मी कुठे शिकले ते सांगते, कुठल्या कोर्समध्ये नाही. पहिल्याच वर्षी थायलंडमधल्या उदोन थानीच्या शाळेत प्रथोम चार, म्हणजे चौथी, मला दिली. (तिथे प्राथमिक म्हणजे प्रथोम, शिक्षक म्हणजे ख्रू, आणि शिकवायचं लायसन्स देणारी संस्था खुरुसफा, म्हणजे आपली गुरुसभाच की. मला पहिले आठ दिवस उगाच घरी आल्यासारखं वाटत होतं.) बेचाळीस पोरं, मागच्या बाकावर एक मुलगी, दोन महिने तोंडातून शब्द नाही. मी सहकाऱ्यांना सांगून मोकळी झाले की हिला काही येत नाही. मग ऐन पावसाळ्यात माझा घसा बसला. अगदी बसला, फुसफूस आवाज. त्या दिवशी तिला विचारलं, व्हॉट इज इन युवर बॅग, आणि पुढे बोलायला माझ्याकडे आवाजच नव्हता म्हणून नाइलाजाने उभी राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, वर्गातला पंखा कुरकुरत होता तेवढाच आवाज. आणि ती म्हणाली, "डाय फिट, टीचर." मला काही कळेना. मग तिनं पिशवी उघडून दाखवली, सुकवलेले मासे, आजीनं दिलेले. ड्राय फिश! थाई माणसाच्या तोंडात शब्दाच्या शेवटी श टिकत नाही, त्याचा त होतो, आणि जोडाक्षरातला र गळून जातो. मुलगी दोन महिने बोलायला तयार होती गं, मीच तिला जागा दिली नव्हती.

नंतर वाचलं की मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या दशकात हे चक्क मोजलं होतं. विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग ऐकली, तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले तर पोरांची उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी पोरंही बोलायला लागली. तीन सेकंद! आपण चहा ओतायला जास्त वेळ घेतो. मी आयुष्यातली सतरा वर्षं एका सेकंदावर काढली, त्यातली पाच तुला शिकवण्यात, त्यामुळे तुझी ही खोड कुठून आली ते मला नीट माहितीये. रागवू नको म्हणजे झालं.

व्हिडिओवर तर हे आणखी अवघड होतं. आवाज पोचायला वेळ लागतो, पलीकडचा बोलायला सुरुवात करतो तेव्हा तुला अजून शांतताच ऐकू येत असते, तू घाबरून तोंड घालतेस आणि दोघांचे आवाज एकमेकांवर आदळतात. म्हणून तिथे तीनचे चार कर. शेवटच्या दोन वर्षांत मी स्वतः पलीकडे बसायचे, नवीन शिक्षकांच्या डेमोत मला नऊ वर्षांचं पोर व्हायला सांगायचे. मी मुद्दाम उत्तर द्यायचे नाही. नुसतं कॅमेऱ्याकडे बघायचे. समोरचा थांबतो का, हेच बघायचं असायचं. पेन्सिलीने कागदावर रेघा ओढायचे, शिक्षकाच्या प्रत्येक वाक्याला इकडे, 'पोरा'च्या प्रत्येक शब्दाला तिकडे. सुंदर इंग्रजी बोलणारे कितीतरी जण तीस विरुद्ध दोनवर गेले. आणि एक जण आला, ग्रामर बेताचं, हातात खराखुरा आंबा, "व्हॉट इज धिस?" म्हणाला आणि आंबा धरून हसत बसला. बसूनच राहिला. शेवटी मलाच राहवेना, मी म्हटलं "मँगो". त्याला घेतलं आम्ही.

तेव्हा पाच मिनिटांच्या डेमोत तीनच भाज्या घे, सात नको. खऱ्या भाज्या, मोबाइलवरची चित्रं नकोत. आधी तू एकदा बोलून दाखव, मग त्याच्याकडून म्हणवून घे, मग त्याला तुला प्रश्न विचारू दे. "डू यू अंडरस्टँड?" हा प्रश्न जन्मात विचारू नको, जगातलं प्रत्येक पोर त्याला येसच म्हणतं. टोमॅटो दाखव आणि विचार, "ब्रिंजल?" नो म्हणाला की कळलं त्याला. आणि विचारल्यावर, पुन्हा सांगते, गप्प.

मराठी मीडियम. सांग. एका वाक्यात सांग आणि थांब. "आय स्टडीड इन मराठी मीडियम, सो आय लर्न्ड इंग्लिश द वे युवर स्टुडंट्स आर लर्निंग इट." पुढे सॉरी नाही, बट नाही, वडिलांची परिस्थिती नाही. जपानच्या इन्स्ट्रक्टर व्हिसाला बारा वर्षं इंग्रजीतून शिक्षण झालेलं मागतात, कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा ई-2 व्हिसा सातच देशांच्या नागरिकांना मिळतो आणि त्यात आपण नाही, तिथे 2010 च्या भारत-कोरिया करारातून आपल्याला एक फट आहे पण तिला शिक्षकाची पदवी लागते आणि तू बी.एड. केलं नाहीस (मी सांगत होते). थायलंडला तुझी डिग्री आणि टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे मार्क बघतात, 990 पैकी 600 च्या आसपास मागतात, ते तुझे आहेत. मग लपवायचं कशाला?

उच्चाराचं म्हणशील तर व्हिडिओत तू 'वॉटर'चं 'वाडर' केलंस तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. अमेरिकन नको, ब्रिटिश नको, स्वच्छ हवा. आपली मराठी माणसांची एकच खरी भानगड म्हणजे व्ही आणि डब्ल्यू, दोन्हीला आपला एकच व. व्हेस्ट म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, वेस्ट म्हणताना ओठांचा चंबू. आरशासमोर दहा मिनिटं रोज. गंमत म्हणजे थाई पोरांचीही हीच अडचण आहे, त्यांच्याकडे व्ही नाहीच, तेव्हा जिला स्वतःला ते शिकावं लागलं तीच ते नीट शिकवणार.

पगाराचं विचारतील. मला शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाने स्काइपवर सांगितलं अठरा हजार बाट, आणि तो गप्प झाला. पाणी पीत असेल. मला ती शांतता सोसली नाही, मी म्हटलं, "नो प्रॉब्लेम सर, आय विल ॲडजस्ट." त्याच आठवड्यात माझ्याच शाळेसाठी एका फिलिपिनो बाईला त्यानेच अठरा सांगितले, ती काही न बोलता नुसती बघत राहिली, आणि तो स्वतःच बावीसवर आला. दहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, चाळीस हजार बाट मी एका वाक्यात घालवले. कॉन्ट्रॅक्टवर साल होतं 2555, त्यांचं बौद्ध साल आपल्यापेक्षा 543 ने पुढे असतं. थाईत पाचला हा म्हणतात, पोरं चॅटमध्ये हसायचं असलं की 555 लिहितात. बरोबरच लिहिलं होतं म्हणायचं.

आता तू म्हणशील बाई, मग कायम गप्पच राहायचं का. मला माहितीये तू हे विचारणार, नववीतही असेच वाकडे प्रश्न विचारायचीस. तर नाही. एकदा मी गप्प राहिले ते अजून बोचतं. पालकसभेत एजन्सीच्या माणसाने मला स्टेजवर उभं करून सांगितलं, या लंडनच्या टीचर. थाई मला एव्हाना तेवढं कळत होतं. माझ्या हातात मोगऱ्याची माळ दिली होती कुणीतरी, मी ती धरून हसत उभी राहिले. नंतर एका पोराने विचारलं, टीचर, तुमच्या घरी बर्फ पडतो का. मी म्हटलं, "समटाइम्स." कराडला बर्फ! त्या वर्षी वडिलांची बायपास झाली होती, घरी दर महिन्याला पैसे पाठवायचे होते, तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं असतं त्यांनी, आणि एकट्या बाईने तिथे कुणाकडे दाद मागायची होती? माझ्या जागी दुसरी कुणी असती तर वेगळं वागली असती असं मला नाही वाटत. तरी त्या पोराचा चेहरा आठवतो. जाऊ दे. तुला कुणी म्हणालं लंडनची सांगा, की फोन ठेव. टूरिस्ट व्हिसावर या, बाकीचं नंतर बघू, असं म्हणालं तरी ठेव. नोकरीसाठी लागणारा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट कोण काढणार, कधी काढणार, हे विचार. आणि विचारलंस की थांब, त्याला उत्तर देऊ दे. "इट्स ओके सर, व्हेनेव्हर पॉसिबल" असं तू मध्येच म्हणणार, मला आत्ताच ऐकू येतंय.

रविवारपर्यंत नवीन व्हिडिओ पाठव. भाऊच बसव, पण त्याला सांग की प्रत्येक प्रश्नानंतर मनात चार मोजल्याशिवाय बोलायचं नाही. त्याआधी तू बोललीस तर दर वेळी त्याला दहा रुपये. पोरगा श्रीमंत होईल पहिल्या दिवशी. आणि आईला सांग, इंटरव्ह्यूच्या दिवशी कुकर सव्वानऊनंतर लाव म्हणून. व्हिडिओत पाच शिट्ट्या ऐकू आल्या मला, आणि खरं सांगू, तेवढाच वेळ तू थांबलेली होतीस.

तुझ्या,
बाई