१९०ची कॅनपी विकू नकोस

प्रिय मुला,

तुझं नाव घालत नाही, कारण हे पत्र मी चारचौघांना दाखवणार आहे. तुझाच प्रश्न डोक्यात घेऊन आणखी दोन पोरं सध्या ड्रॉप झोनवर, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारायच्या आपल्या मैदानावर, हिंडताहेत.

शनिवारी तू पॅकिंगच्या गालिच्यावर ती १५० चौरस फुटांची कॅनपी, म्हणजे पॅराशूटचं कापड, पसरून बसला होतास. निळी-केशरी, कापड अजून सुळसुळीत, दोऱ्यांवर मळाचा डाग नाही. मालक निम्म्या किमतीत द्यायला तयार. तू तिच्या काठावरून हात फिरवत विचारलंस, "काकू, घेऊ का?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणालास, "माझी १९० म्हणजे लाल डबा आहे हो. सगळे उतरून, पाणी पिऊन, चेष्टा करायला मोकळे झाले की मग मी जमिनीला लागतो."

तेवढ्यात माझ्या लोडची, म्हणजे विमानाच्या खेपेची, हाक झाली आणि उत्तर राहून गेलं. ते आता देते. घेऊ नकोस. आणि १९०ची विकू नकोस.

धीर देणारं पत्र हवं असेल तर ते दुसरं कोणी लिहील. विमानाच्या दारात तू डगमगत नाहीस, हे मी पाहिलंय. धाडसाचा प्रश्नच नाही इथे. प्रश्न शेवटच्या तीनशे फुटांचा आहे, आणि तिथे तुझं काय चालतं हेही मी पाहिलंय. दोन आठवड्यांपूर्वी वारा फिरला तेव्हा तू वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक बघत बसलास, उतरण्याआधीचं बेसचं वळण उशिरा घेतलंस आणि कुंपणापासून बसच्या लांबीएवढ्या अंतरावर टेकलास. १९० होती म्हणून कपडे झटकून हसत आलास.

हिशेब करू. तू १६० पौंडांचा, रिग, म्हणजे पॅराशूटचं पाठीवरचं सगळं सामान, आणि कपडे मिळून आणखी २५. म्हणजे १८५. १९०वर तुझं विंग लोडिंग, म्हणजे दर चौरस फुटावर किती पौंड, एकाच्या जरा खाली येतं, १५०वर ते सव्वाला टेकतं. सत्तरेक उड्यांच्या माणसाला कुठलाही शहाणा इन्स्ट्रक्टर एकाच्या आसपासच ठेवतो. आणि नुसत्या आकड्यावरही जाऊ नकोस. लहान कॅनपीच्या दोऱ्या आखूड असतात, त्यामुळे वळायचा हातातला फास, तोच टॉगल, तेवढाच ओढला तरी ती लवकर फिरते आणि फिरताना जास्त उंची खाते. म्हणजे तुझी चूक तीच राहते, ती सावरायला मिळणारा वेळ तेवढा कमी होतो.

आहे त्या कॅनपीवर सगळं येत नाही तोवर लहान कॅनपी घ्यायची नाही. हे वाक्य या पत्रात पुन्हा येणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

तू म्हणशील, काकू, आता साधनं किती सुरक्षित झालीत. झालीतच. मला कोण सांगतोय! अमेरिकेत सत्तरच्या दशकात वर्षाला सरासरी चाळिसाच्या वर लोक या छंदात जात होते. २०२३ साली १० गेले, तेही कितीतरी जास्त उड्या होऊन. हा फरक कंटाळवाण्या गोष्टींनी पडला. १९९१ साली हेल्मुट क्लोथ या जर्मन माणसाने सायप्रेस नावाचं यंत्र आणलं. बेशुद्ध पडलास, उंचीचं भान सुटलं, तरी साडेसातशे फुटांच्या आसपास ते रिझर्व्हला, म्हणजे राखीव पॅराशूटला, बंद ठेवणारी दोरी स्वतःच कापतं आणि रिझर्व्ह उघडतं. १९९२ साली इथल्या, कॅलिफोर्नियातल्या पेरिस व्हॅलीत ट्विन ऑटर उड्डाण करताच कोसळलं, १६ जण गेले, आणि त्यानंतर कुठे विमानातल्या पट्ट्यांकडे लोक गांभीर्याने बघायला लागले. आज तू पट्टा न कुरकुरता लावतोस तो त्या सोळांमुळे.

पण त्या सायप्रेसचं एक नीट समजून घे. ते उंचीबरोबर खाली येण्याचा वेग बघतं. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडत असशील तरच जागं होतं. वर कॅनपी उघडी असली की त्याच्या लेखी तू सुखरूप आहेस. आणि हल्ली माणसं मरतात, मोडतात, ती बऱ्याचदा याच सुखरूप अवस्थेत. चांगल्या, पूर्ण उघडलेल्या कॅनपीखाली, जमिनीजवळ घेतलेल्या एका वळणात. तिथे तुला वाचवणारं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही.

माझा एक जुना मित्र आहे, तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त उड्यांचा. उन्हाळ्यातली दुपार, मंद वारा, फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, शंभरेक फुटांवर होता. डावीकडून एक नवखी मुलगी आडवी आली. त्याने उजवा टॉगल खांद्यापासून थेट मांडीपर्यंत ओढला. कॅनपी आडवी झाली, हा बाहेर फेकला गेला, आणि ती सरळ व्हायच्या आत जमीन आली. मी धावत पोचले तेव्हा त्याचा हात अजून टॉगलच्या फासात होता. पॅरामेडिकने जंपसूट घोट्यापासून कमरेपर्यंत कात्रीने उसवला. माझी नजर मात्र मागे पसरलेल्या कॅनपीवर होती. एक दोरी तुटलेली नाही, कापडाला टाचणीएवढं भोक नाही. त्याच्या सायप्रेसच्या इवल्याशा पडद्यावर शून्य दिसत होतं, म्हणजे यंत्र चालू होतं आणि सगळं ठीक होतं.

मांडीचं हाड आणि कंबर. तो आज काठी घेऊन चालतो आणि लोकांच्या रिग पॅक करून देतो. पुढच्या वेळी त्याच्याकडे पॅकिंग दिलंस तर विचार त्याला. तो माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगेल.

त्याला सपाट वळण येत होतं का? येत होतं, वर, दोन हजार फुटांवर, सावकाशीने. शंभर फुटांवर हात आपोआप तेच करतील इतकं अंगात मुरलं नव्हतं. मी "सगळं येणं" म्हणते ते याला. दोन्ही टॉगल अर्धे ओढून मग एक बाजू हलकेच सोडायची, म्हणजे कॅनपी डोकं न टाकता फिरते. आडव्या वाऱ्यात उतरणं. अजिबात वारा नसताना उतरणं. मंद वाऱ्यात पाठीवर वारा घेऊन उतरणं, आणि तसं उतरताना घाबरून शेवटच्या क्षणी न वळणं. टॉगल निकामी झालाय असं धरून मागच्या रायझरनी, म्हणजे खांद्यावरच्या पट्ट्यांनी, फ्लेअर करणं, म्हणजे टेकताना वेग मोडणं. हे आधी उंचावर घोकायचं, नाहीतर कॅनपी स्टॉल होऊन, म्हणजे तिची उचल संपून, पाठीवर आपटशील. जराशा चढावर उतरणं. आणि ठरवलेल्या जागेपासून दहा मीटरच्या आत, योगायोगाने नव्हे, दर वेळी. यातलं तुला काय येतं? खरं सांग. मला नको सांगूस, तुझ्या लॉगबुकात लिही.

आणि अगदीच गळ्याशी आलं तर क्रम पाठ हवा: कॅनपी समतल, समोर मोकळी जागा, निदान अर्धा फ्लेअर, पाय जुळवून लोळण. वाऱ्याच्या दिशेला यात जागा नाही. चुकीच्या दिशेने सरळ उतरलेला माणूस फार तर गुडघे खरचटून घेतो.

आता रिझर्व्हचं. याबद्दल तू शनिवारी अवाक्षर काढलं नाहीस, म्हणजे विचारच केला नसणार. १५०ची कॅनपी तुझ्या आत्ताच्या कंटेनरमध्ये, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, ढिली बसेल. मग तू लहान कंटेनर बघशील, आणि लहान कंटेनरमध्ये रिझर्व्हही लहान. म्हणजे ज्या दिवशी मुख्य कॅनपी बिघडली, ती कापून टाकलीस, हात थरथरताहेत, खाली ओळखीचं मैदान नाही, दुसऱ्याचं संत्र्यांचं शेत आहे, त्या दिवशी तुझ्या डोक्यावर आयुष्यात कधी न उडवलेली आणि तुझ्या सगळ्या कॅनपींपैकी सगळ्यात लहान कॅनपी असेल. निळा-केशरी रंग बघताना हे दिसत नाही.

चेष्टेचंही बोलते. ड्रॉप झोनवरची माणसं चेष्टा करणारच. तू पहिल्यांदा पायावर उभा उतरलास तेव्हा याच लोकांनी तुझ्याकडून बिअरचा खोका वसूल केला आणि याच लोकांनी रात्री अकरापर्यंत बसून तुला पायलट शूट, म्हणजे कॅनपी बाहेर खेचणारी छोटी छत्री, कॉक करून ठेवायची सवय लावली. त्यांचं प्रेम असंच असतं. पण त्यातले स्वूप करणारे, म्हणजे जमिनीलगत वेगाने सपाट जाणारे, जे चौघं तळ्याच्या पाण्याला पाय लावत जातात, त्यांना एकदा विचार की ते १९०वर किती वर्षं होते. चेष्टा करताना ते हे सांगत नाहीत. कोण सांगतं?

घरच्यांचंही तेच. तुझ्या मावशीने तुला शीतल महाजनांचा नऊवारीतल्या उडीचा व्हिडिओ पाठवला होता ना, थायलंडचा, २०१८चा? सगळ्यांना नऊवारी दिसते. त्याआधी २००४ सालच्या उत्तर ध्रुवापासूनची चौदा वर्षं कोणाला दिसत नाहीत. तुझ्या फोटोतही कॅनपीचा आकडा कोणाला कळणार नाहीये. मग घाई कोणासाठी?

माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. काकू भित्री आहे, काकू अजून १७०वर आहे. आहे. त्याची किंमतही मोजली आहे. इथल्या एका मोठ्या फॉर्मेशनसाठी, म्हणजे हवेत एकमेकांना धरून करायच्या आकृतीसाठी, मी वर्षभर तयारी केली होती आणि मला वगळलं, कारण शंभरेक माणसं एकाच वेळी कॅनपीखाली असताना एक जण फार सावकाश उतरत राहिला तर बाकीच्यांची रांग मोडते. आयोजकाचं चुकलं नव्हतं. लहान कॅनपी घेतली असती तर पुढच्या वर्षी जागा मिळाली असती. मी घेतली नाही. २००६च्या फेब्रुवारीत थायलंडच्या उदॉन थानीवर ४०० जणांनी एकमेकांना धरून आकाशात फूल केलं, त्याचा फोटो कित्येक वर्षं माझ्या फ्रिजवर होता. बघताना अजूनही पोटात तुटतं. असल्या कुठल्याच फोटोत मी नाही, आणि आता या वयात असणारही नाही.

तरी सांगते, तीच निवड पुन्हा करीन. मित्र म्हणतात तुझे गुडघे शाबूत आहेत ते नशीब. असेल नशीब. पण त्या नशिबाला हातपाय हलवायला जागा मिळावी म्हणून डोक्यावर मोठं कापड मीच ठेवलं ना? त्याचं श्रेय कोणी देत नाही म्हणून मीच घेते. आणि भित्री असते तर या वयात शनिवारी पहाटे साडेपाचला उठून दीड तास गाडी हाकत कशाला आले असते?

असो. राग तुझ्यावर नाही. तुझ्यात मला जे दिसतं ते फार थोड्यांत दिसतं: तू उतरल्यावर मागे वळून, आपण कुठून कसे आलो ते हाताने हवेत रेखाटत उभा राहतोस. ज्याला हे सुचतं तो चांगला कॅनपी पायलट होतो. फक्त त्याला वेळ मिळायला हवा, आणि वेळ १९०वर मिळतो. आहे त्या कॅनपीवर सगळं येत नाही तोवर लहान कॅनपी नाही. झालं दुसऱ्यांदा म्हणून?

या मोसमात कॅनपी कोर्स कर. पाच-सहा उड्या, सगळ्या पाच हजार फुटांवरून, विमानातून बाहेर पडून लगेच कॅनपी उघडायची आणि उरलेला वेळ नुसतं उडवायचं. कोणीतरी प्रत्येक लँडिंग चित्रित करील आणि संध्याकाळी ते सगळ्यांसमोर बघावं लागेल, त्याची तयारी ठेव. वर्षाच्या शेवटी पुन्हा बोलू. तेव्हा १७० भाड्याने घेऊन बघ, विकत नको. माझी चालेल, पण सकाळच्या शांत वाऱ्यातच. दुपारी धुळीची वावटळ उठायला लागली की मी देणार नाही.

आणि हो, त्या निळ्या-केशरी कॅनपीच्या मालकाला मी काल फोन केला. तुझ्या उड्या किती झाल्यात ते त्याला ठाऊकच नव्हतं. आता आहे. तो तुला विकणार नाही. दोन-चार दिवस माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण शनिवारी आठच्या लोडला तुझं नाव मी माझ्याबरोबर घातलंय, हॉप अँड पॉपसाठी, म्हणजे बाहेर पडताच कॅनपी उघडायच्या उडीसाठी. सव्वासातला पोच.

तुझी,
काकू