सही मिळत नसेल तर घटस्फोटाचे काय?

प्रश्न : माझे लग्न २०१८ साली चिपळूणला झाले. त्यानंतर आम्ही भांडुपला भाड्याच्या घरात राहत होतो. मार्च २०२२ मध्ये पतीने भांडण करून माझी बॅग दाराबाहेर ठेवली. तेव्हापासून मी लालबागला आईवडिलांकडे आहे. दोनदा नातेवाईक मध्ये घालून पाहिले, पण ते मला परत नेत नाहीत आणि संमतीच्या कागदांवर सहीही करत नाहीत. ‘सही देणार नाही, राहू दे तिला अशीच,’ असे त्यांनी माझ्या भावाला ऐकवले. भांडुपची खोलीही त्यांनी सोडली आहे. त्यांच्या सहीविना घटस्फोट मिळेल का? चिपळूणला खेपा घालाव्या लागतील का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आपला विवाह हिंदू विवाह कायद्याखाली झाला असे धरून हे उत्तर देत आहे. दोघांची सही लागते ती केवळ परस्परसंमतीच्या घटस्फोटाला, म्हणजे या कायद्याच्या कलम १३-ब खालील अर्जाला. कलम १३ खाली एकट्या पत्नीला किंवा एकट्या पतीला याचिका दाखल करता येते आणि तिथे समोरच्याच्या सहीची गरजच नसते. घटस्फोट पती देत नाही, न्यायालय देते. ‘त्याने सोडचिठ्ठी दिली’ ही बोलण्याची जुनी सवय आपल्याकडे इतकी रुजली आहे की, शिकलेल्या बायकाही वर्षानुवर्षे त्या एका सहीची वाट पाहत बसतात.

मात्र सही नको याचा अर्थ कारण नको असा होत नाही. आपल्या हकिगतीत दोन कारणे दिसतात : क्रूरता आणि परित्याग. परित्यागासाठी याचिका दाखल करण्यापूर्वीची सलग दोन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि ती आपली झाली आहेत. पती हजर झालेच, तर ‘ती स्वतःहून माहेरी गेली, मी तिला सोडलेले नाही’ असा बचाव करतील, हे गृहीत धरूनच याचिका लिहून घ्यावी. घराबाहेर पाऊल कोणाचे पडले एवढेच न्यायालय पाहत नाही. ज्याच्या वागण्यामुळे दुसऱ्याला घर सोडणे भाग पडले, त्यानेच परित्याग केला असे मानले जाते. म्हणून बॅग दाराबाहेर ठेवल्याचा दिवस, त्या वेळी जिन्यात उभे असलेले शेजारी, मध्यस्थी करणारे नातेवाईक आणि ‘मला यायचे आहे’ असे आपण पाठवलेले संदेश, या सगळ्याला मोल आहे. असे संदेश असतील, तर ते पुसू नयेत आणि जुना मोबाइल विकू नये. त्यांच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र, म्हणजे त्या प्रती मूळ मोबाइलमधल्याच आहेत असे सांगणारा कागद, वकिलांकडून करून घ्यावे.

चिपळूणला जाण्याची गरज नाही. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी याचिका करत असेल, तर ती सध्या राहते तिथल्या न्यायालयात दाखल करता येते. आपल्यासाठी ते वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालय होय.

खरी कसोटी लागते ती समन्स बजावताना. पती कुठे राहतात हे ठाऊक नसले, तरी भांडुपचा पत्ता, चिपळूणच्या घराचा पत्ता आणि नोकरीचे ठिकाण असे माहीत असलेले सर्व पत्ते द्यावेत. टपालाने पाठवलेले पाकीट ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्यासह परत आले, तर न्यायालय समन्स बजावले गेल्याचे मानू शकते. ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा असेल, तर मात्र पुन्हा प्रयत्न करावे लागतात. वकिलांची नोटीस अशी परत आली, तर ते पाकीट न फोडता, पोस्टमनच्या शेऱ्यासकट जपून ठेवावे. बेलीफ (समन्स घेऊन जाणारा न्यायालयाचा कर्मचारी) आणि टपाल दोन्ही निष्फळ ठरल्यावर न्यायालयाच्या परवानगीने शेवटच्या पत्त्याच्या दारावर समन्स चिकटवता येते किंवा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देता येते. या टप्प्यात कित्येक महिने जातात, हे आधीच सांगितलेले बरे. घाई करून मुद्दाम चुकीचा पत्ता देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. समन्स नीट बजावलेच नव्हते असे पतीने नंतर दाखवून दिले, तर हाती आलेला हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा आदेश, रद्द होऊ शकतो.

समन्स बजावूनही पती आले नाहीत, तर प्रकरण एकतर्फी चालते. तरीही आपले म्हणणे आपोआप मान्य होत नाही. आपल्याला प्रतिज्ञापत्रावर साक्ष द्यावी लागते, कागद दाखल करावे लागतात आणि समोर कोणी नसले तरी कारण सिद्ध झाल्याची खात्री न्यायाधीशांना कलम २३ प्रमाणे करून घ्यावीच लागते. हुकूमनामा झाल्यावर अपिलाची ९० दिवसांची मुदत उलटेपर्यंत दुसऱ्या लग्नाची बोलणी पुढे नेऊ नयेत. याउलट पती हजर झाले, तर न्यायालयातील समुपदेशक दोघांशी बोलतात, आणि इतकी वर्षे सही नाकारणारा माणूस तिथेच संमतीला तयार होतो, असेही घडते.

खर्चाचे म्हणाल, तर महाराष्ट्रात घटस्फोटाच्या प्रकरणात स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. खटला चालू असतानाची पोटगी कलम २४ खाली मागता येते.

प्रश्न : पत्नी न्यायालयात यायला तयार नाही. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दोघांनी सह्या करून नोटरी केली, तर चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. आपल्या समाजात न्यायालयाबाहेरील काडीमोडाची सिद्ध होण्यासारखी रूढी असेल तर गोष्ट वेगळी. एरवी नोटरीच्या शिक्क्याने विवाह संपत नाही. त्या कागदाच्या भरवशावर आपण दुसरे लग्न केले, तर ते लग्न बेकायदा ठरेल आणि आपल्यावर द्विविवाहाचा गुन्हा दाखल होऊ शकेल. पत्नी सही करायला राजी आहे, म्हणजे संमती आहे. तिला केवळ न्यायालयाची भीती वाटत असावी. वर्षभर वेगळे राहत असाल, तर कलम १३-ब खाली अर्ज करावा. सहा महिन्यांची प्रतीक्षाही योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. सुनावणी बंद दालनात घेण्याची विनंती करता येते, हे तिला आवर्जून सांगावे.