वाचकांचे प्रश्न : पेट्रोलची बोट गॅसवर चालेल का?

प्रश्न : कर्ली खाडीत पर्यटक फिरवतो, फायबरची उघडी होडी आहे, मागे ९.९ एचपीचं फोर स्ट्रोक पेट्रोल ओबीएम (होडीच्या मागे बाहेर टांगायचं इंजिन). पेट्रोलचा खर्च झेपत नाही आता. रिक्षा गॅसवर चालते मग होडी का नाही? एक मेकॅनिक म्हणतो घरचा सिलिंडर ठेवून मिक्सर (गॅस आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा भाग) बसवून देतो, एका दिवसाचं काम आहे. बसवू का? (तारकर्लीहून एक वाचक)

उत्तर : इंजिन गॅसवर चालेल, पण घरचा सिलिंडर लावू नका. हे आधी सांगतो कारण पर्यटक बसवताय, लहान मुलं असतात होडीत.

आता कारण बघा. तुमचं इंजिन फुल थ्रॉटलला तासाला चारेक लिटर पेट्रोल पितं. एका लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते, साधारण पाऊण पट, म्हणजे तेवढ्याच कामाला पाचेक लिटर गॅस लागणार, वजनात पावणेतीन किलोच्या आसपास. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर तासाला दोनशे ग्रॅमच्या आसपास खातो, आणि घरचा सिलिंडर बनलाय तेवढ्याच कामासाठी. त्यातून वरची वाफ निघते, आतला द्रव उकळून ती वाफ होते आणि उकळताना सिलिंडर गार पडत जातो. शेगडीला चालतं ते. तासाला पावणेतीन किलो ओढायला गेलात की सिलिंडरला बाहेरून घाम येईल, मग बर्फ धरेल, दाब पडेल आणि इंजिन नेमकं खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या ओढीत असताना खोकायला लागेल. मग मेकॅनिक लोक काय करतात तर सिलिंडर आडवा टाकतात म्हणजे द्रव निघेल. कधीही करू देऊ नका! त्या नळीला आणि रेग्युलेटरला द्रव झेपत नाही, एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटर गॅस होतो.

रिक्षात असं नसतं. तिथे ऑटो एलपीजीची वेगळी टाकी असते, ८० टक्क्यांच्या वर भरतच नाही, द्रव खालून उचलला जातो आणि व्हेपोरायझरमध्ये गरम होऊन वाफ होते. ओबीएमला हे करायचं तर कूलिंगचं गरम झालेलं पाणी व्हेपोरायझरमधून फिरवावं लागतं, आणि ते खारं पाणी आहे हे लक्षात ठेवा, कारचं ॲल्युमिनियमचं व्हेपोरायझर त्यात गंजून खाल्लं जातं. शिवाय इंजिन बंद पडताक्षणी गॅस आपोआप बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) हवाच, त्याच्याशिवाय कोणी किट देत असेल तर घेऊ नका. मिक्सरवर ताकद ५ ते १० टक्के कमी होते, आरपीएम (मिनिटाचे फेरे) चढत नसेल तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढं पुढे ढकलतो ते अंतर) एक इंच कमी घ्या, साधारण दोनशे आरपीएम परत मिळतात.

कायद्याचं पण सांगतो, घरगुती सिलिंडर स्वयंपाकाशिवाय वापरायला २००० सालच्या एलपीजी आदेशाने बंदी आहे. टाकी पेसोची मंजुरी असलेलीच घ्या (पेसो म्हणजे स्फोटक आणि पेट्रोलियम पदार्थांच्या सुरक्षिततेचं सरकारी खातं, मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे) आणि होडीची नोंदणी व विमा जिथे आहे तिथून आधी लेखी विचारा. रिक्षाच्या किटचा कागद होडीला चालत नाही.

कंपनीतूनच गॅसवर बनलेली छोटी ओबीएमही असतात, तोहात्सू या जपानी कंपनीचं ५ एचपीचं इंजिन प्रोपेनवर (एलपीजीतलाच एक गॅस) चालतं. बदल करण्यापेक्षा तसं इंजिन मला जास्त पटतं, पण ९.९ च्या जागी ५ एचपी भरलेल्या होडीला पुरणार नाही.

प्रश्न : आमची जुनी केबिनवाली बोट आहे, आत फळीखाली कारचंच पेट्रोल इंजिन मरीन करून बसवलेलं. कारचं सिक्वेन्शियल गॅस किट (कॉम्प्युटर मोजून गॅस सोडतो ते) लावलं तर? (मांडव्याजवळून एक वाचक)

उत्तर : तुमच्या बोटीची मला जास्त काळजी वाटते, वरच्या होडीपेक्षा.

कारमधून गॅस गळला तर खाली रस्ता आहे, वारा आहे, निघून जातो. बोटीला खाली रस्ता नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो पाण्यासारखा उतरत उतरत फळ्यांखाली जातो आणि तिथेच बसतो, बोट बुडू नये म्हणून तळाला भोक नसतं तेच इथे घात करतं. हवेत साधारण २ टक्के गॅस झाला की ठिणगीला पेट घेतो. हिशोब करा, एक लिटर द्रव म्हणजे अडीचशे लिटर गॅस, आणि २ टक्क्यांनी पेटणारी हवा होते साडेबारा हजार लिटर. तुमच्या फळ्यांखालची सगळी जागा मिळून एवढी नसेल. पेट्रोलची वाफही जडच असते आणि तीही पेटते, खरं आहे, पण पेट्रोल दाबाखाली नसतं. गॅसच्या जोडाला केसाएवढी फट पडली तरी टाकी रिकामी होईपर्यंत गळत राहतं, रात्री जेट्टीला बांधलेली असताना सुद्धा.

आणि ठिणगी कुठून येणार तर खालूनच. पाणी उपसायचा ऑटोमॅटिक पंप, त्याचा स्विच, कारचा स्टार्टर, कारचा अल्टरनेटर. मरीन स्टार्टर बाहेरच्या वाफेला ठिणगी लागू नये असा बंद बनवतात, कारचा तसा नसतो. तुमच्या इंजिनवर कुठला आहे ते आजच बघा, पेट्रोलवर चालवत असलात तरी.

करायचंच ठरवलं तर टाकी फक्त वर डेकवर, वरूनच उघडणाऱ्या आणि आतून पूर्ण बंद पेटीत, पेटीच्या तळाला अंगठ्याएवढी नळी थेट बोटीबाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर. आत जाणारा पाइप अखंड, मध्ये जोड नको. गॅस डिटेक्टर फळीखाली, घरात लावतात तसा भिंतीवर नाही. स्टार्ट मारण्याआधी चार-पाच मिनिटं ठिणगी न होणारा ब्लोअर (फळीखालची हवा बाहेर काढणारा पंखा) चालवा. बोटीच्या एलपीजी इंजिनासाठी युरोपात ईएन १५६०९ हे वेगळं मानक आहे, ते वाचलेला आणि त्याप्रमाणे काम करून देणारा माणूस मिळाला तर पुढे जा. नाही मिळाला तर माझं उत्तर नाही असं आहे.

प्रश्न : टू स्ट्रोक ओबीएमला किट बसतं का? (देवगडहून)

उत्तर : पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवता ना, तर क्रँक आणि पिस्टनला तेल त्या पेट्रोलातूनच मिळतं. गॅसवर टाकलं की तेल बंद, थोड्याच वेळात इंजिन सीझ, म्हणजे आतून जाम. वेगळा ऑइल पंप असलेलं मॉडेल असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर त्या पैशात जुनं फोर स्ट्रोक बघा, पेट्रोल तिथेच बरंच वाचेल.

प्रश्न : पावसाळ्यात बोट बंद असते, सप्टेंबरला सुरू करायला गेलं की कार्बोरेटर चोक, टाकीत पाणी. गॅसवर हा त्रास जाईल का?

उत्तर : हो जाईल, गॅसचा हा खरा फायदा आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं, जास्त झालं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं आणि इंजिन नेमकं तळातूनच उचलतं. पण एवढ्यासाठी गॅसवर जायची गरज नाही. मे संपताना टाकी पूर्ण रिकामी करा, पेट्रोलची नळी काढून इंजिन गोड्या पाण्यावर चालवत आपोआप बंद पडू द्या, मग कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलंसुरलं काढा. सप्टेंबरला ताजं पेट्रोल आणि नवीन फिल्टर घाला.