बेळगावात बदली झाली : आधी शाळा पाहावी, मग घर

प्रश्न : आम्ही इचलकरंजीला राहतो. यजमानांना बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरी मिळाली असून ते मार्चपासून रुजू होतील. मी मुलांना घेऊन मे महिन्यात जाणार आहे. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत शिकते. मुलाला येत्या ऑगस्टमध्ये सहा वर्षे पूर्ण होतील, म्हणजे तो यंदा पहिलीत जाईल. शहरात भाडे परवडत नाही, त्यामुळे हिंडलगा आणि मच्छे या दोन उपनगरांत आम्ही जागा पाहून ठेवल्या आहेत. सासरे म्हणतात, आता गाव बदलतेच आहे तर मुलांना इंग्रजी माध्यमात घाला. यजमानांना वाटते की कर्नाटकात राहायचे तर कन्नड माध्यम बरे. मला मात्र मराठी सरकारी शाळाच हवी आहे, पण कन्नडची धास्ती वाटते. शाळा निवडताना नेमके काय पाहावे? कागदपत्रांची अडचण येईल का?
— एक वाचक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, आपण जागा दोन पाहिल्या, पण पत्रात शाळा एकही पाहिल्याचे लिहिलेले नाही. माझा पहिला आग्रह असा की भाड्याची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी दोन्ही उपनगरांतील मराठी शाळा आपण स्वतः पाहाव्यात, आणि मुलीच्या पायी जाण्याच्या अंतरावर जी शाळा पटेल तिच्या आसपासच घर घ्यावे. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरवले आहे. मात्र अंतर जितके महत्त्वाचे, तितकाच वाटेत कोणता रस्ता ओलांडावा लागतो हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मच्छे उद्यमबागेला जवळ आहे, पण गावाला लागून खानापूर रस्त्याची रहदारी आहे. हिंडलग्याहून यजमानांना रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागेल. यजमानांची गैरसोय मोठ्या माणसाची आहे, ती सोसता येते. नऊ वर्षांच्या मुलीने जूनच्या धारेत, छत्री सावरत, मालमोटारींच्या मधून रस्ता ओलांडणे हे सोसण्यासारखे नाही. म्हणून घर आणि शाळा रस्त्याच्या एकाच अंगाला असावीत.

शाळा पाहायला कधी जावे, हे आधी सांगतो, कारण येथे बहुतेकांची चूक होते. कर्नाटकातील शाळांना साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाळी सुट्टी लागते आणि मेअखेरीस शाळा पुन्हा भरतात. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, हे डोक्यात ठेवून लोक जूनच्या दहा तारखेला मुलांना घेऊन येतात, तोवर आमच्याकडे बेळगावात दहा-बारा दिवसांचा अभ्यास होऊन गेलेला असतो. आपण मे महिन्यात येऊन शाळा शोधू लागलात तर कुलूप तेवढे पाहायला मिळेल. यजमान रुजू होताना मार्चमध्येच दोन दिवस काढून या. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून मधला एखादा वार निवडा आणि दुपारच्या जेवणाच्या थोडे आधी पोहोचा.

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बहुधा एक फळा असतो. त्यावर वर्गवार पटसंख्या आणि त्या दिवशीची हजेरी खडूने लिहिलेली असते. तो फळा शांतपणे वाचा. पट मोठा आणि हजेरी निम्मी असेल तर कारण विचारा. त्यानंतर शिक्षक किती आहेत, हे विचारा. कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन आणि एकशेवीसपर्यंत चार शिक्षक असले पाहिजेत. याचा व्यवहारातला अर्थ असा की पन्नास पटाच्या पाचवीपर्यंतच्या शाळेत पाच वर्ग दोघांनाच सांभाळावे लागतात, आणि त्यातले एकजण सरकारी कामाला किंवा प्रशिक्षणाला गेले की सगळी शाळा एका खोलीत येते. अशा शाळांतही जीव ओतून शिकवणारी माणसे मी पाहिली आहेत, तरीही निवड आपल्या हाती असेल तर सातवीपर्यंतची, प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक असलेली पूर्ण प्राथमिक शाळा घ्यावी. आमच्याकडे हायस्कूल आठवीपासून धरतात. पाचवीपर्यंतच्या शाळेत घातलेत तर मुलीला दोनच वर्षांत पुन्हा शाळा बदलावी लागेल. या शाळेतली सातवी झालेली मुले पुढे कोणत्या हायस्कुलात जातात आणि तेथे मराठी माध्यम आहे का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

जेवणाच्या वेळी थांबा. सरकारी शाळेत अक्षर दासोह योजनेतून गरम जेवण मिळते आणि दूधही दिले जाते. भाताची चव, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि मुलींचे स्वच्छतागृह या तीन गोष्टी पाहिल्या की शाळा कोण चालवते आणि किती लक्ष देऊन चालवते, हे कळते. शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे पालकांच्या समितीत असलेल्या एखाद्या आईची गाठ घेता आली तर फारच उत्तम.

आता माध्यमाबद्दल. कोणत्या माध्यमात शिकवावे हे सरकार लादू शकत नाही, ती निवड पालकांची आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्याच प्रकरणात 2014 साली दिलेला आहे. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय असावी, असे राज्यघटनेचे 350-अ हे कलम सांगते. तेव्हा मराठी शाळा मागताना आपण कोणाकडे उपकार मागत नाही. तिसरीपर्यंत मराठीतून वाचायला, लिहायला आणि गणित करायला शिकलेल्या मुलीला चौथीत एकदम इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात बसवणे मला मान्य नाही. घर नवे, गाव नवे, मैत्रिणी नव्या, अशा वेळी तिला येत असलेली एक गोष्ट म्हणजे तिचा अभ्यास, आणि तोही तिच्याकडून काढून घेतल्यासारखे होईल. सासऱ्यांना सांगा की इंग्रजी हा विषय मराठी शाळेतही शिकवला जातो. यजमानांची काळजी मात्र रास्त आहे, आणि तिचे उत्तर मराठी शाळेतच मिळते. 2015 च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने राज्यातील प्रत्येक शाळेत पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकवणे बंधनकारक केलेले आहे.

म्हणूनच माझ्या मते शाळा निवडताना सर्वांत मोलाचा प्रश्न एकच आहे : येथे कन्नड कोण शिकवते, आणि बाहेरून आलेल्या मुलाला ते कसे शिकवतात? चौथीतली दोन-तीन मुलांची कन्नडची वही मागून पाहा. सगळ्या वह्यांत फळ्यावरून उतरवलेली एकसारखी अक्षरे असतील तर ती मुले चित्र काढत आहेत, वाचत नाहीत. वहीत खोडलेले, चुकलेले आणि लाल शाईने सुधारलेले शब्द दिसले, तर तेथे शिकवणे चालू आहे असे समजावे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. मी बेळगाव तालुक्यातील सरकारी मराठी शाळांत शिकवत असताना एका दिवाळीनंतर गडहिंग्लज भागातून एक मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात आली. कन्नडच्या तासाला तिला त्रास नको, म्हणून मी तिला मागच्या बाकावर मराठीचे पुस्तक देऊन बसवत असे. मला ती दया वाटत होती. पुढच्या वर्षी कन्नडचा तास आला की त्या मुलीचे पोट दुखू लागे. तेव्हा आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी तिला रोज जेवणानंतर अर्धा तास पहिलीच्या मुलांच्या शेजारी, पहिलीचेच पुस्तक देऊन बसवले. आमची आणि कन्नडची वर्णमाला एकाच क्रमाने चालते, क-ख-ग-घ तेच, हे कळताच तिला धीर आला. मग बाईंनी अडणाऱ्या जागा तेवढ्या घोटून घेतल्या. ‘अम्म’ लिहिताना दुसरा म पहिल्याच्या पायाशी जातो, त्याला ओत्तक्षर म्हणतात. मराठीत ए एकच, कन्नडमध्ये मात्र आखूड आणि लांब असे दोन आहेत : ‘एले’ म्हणजे पान, त्यातला ए आखूड, आणि ‘एळु’ म्हणजे सात, त्यातला लांब. दसऱ्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ती मुलगी शाळेच्या फाटकाशी थांबली होती. समोरून बस आली, तिने पाटीवरचे ‘खानापूर’ मोठ्याने वाचले आणि वळून बाईंकडे पाहिले. ते एक वर्ष मी तिचे वाया घालवले, याची खंत मला आजही आहे. म्हणून आपल्या मुलीला ‘सवय होईपर्यंत राहू द्या’ असे कोणी म्हणाले, तर आपण नम्रपणे नकार द्या आणि पहिल्या आठवड्यापासून पहिलीचे कन्नड पुस्तक तिच्या हाती देण्याची विनंती करा. शिक्षण खात्याच्या सूचना कन्नडमध्ये निघतात, त्यामुळे तिच्याबरोबर आपणही रोज चार अक्षरे गिरवलीत तर आपलीच सोय होईल.

मुलाच्या बाबतीत एक अडचण आपल्या लक्षात आलेली दिसत नाही. महाराष्ट्रात 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला पहिलीत घेतात. कर्नाटकात 1 जूनला सहा पूर्ण असावी लागतात. ही अट 2025-26 या वर्षापुरती सैल केली होती, ती कायमची सवलत समजू नये. ऑगस्टमध्ये सहा पूर्ण होणारा आपला मुलगा बेळगावात बहुधा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका आणि जन्मतारखेची ओढाताण तर मुळीच करू नका. काही सरकारी शाळांना जोडून बालवर्ग आहेत, आणि अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत असतेच. मार्चच्या भेटीत हे विचारून घ्या, म्हणजे दोघे भावंडे एकाच आवारात जाऊ शकतील का, हे कळेल.

कागदपत्रांत फार गुंतागुंत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जन्मदाखला आणि आधारपत्र एवढे लागते. दुसऱ्या राज्यात जाताना दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी मागण्याची पद्धत आहे, ती सुट्टीपूर्वीच घेऊन ठेवा. यूडायस या देशभरातील शाळांच्या नोंदींच्या संगणक प्रणालीतील मुलीचा कायम क्रमांक दाखल्यावर आहे ना, हे पाहा, आणि जुन्या शाळेने तेथील तिची नोंद मोकळी केली आहे याची खात्री करा. नावाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे आडनाव आधी लिहितात, आधारवर ते शेवटी असते, आणि नव्या शाळेत तेच नाव कन्नड लिपीतही लिहिले जाते. प्रवेशाच्या दिवशी समोर बसून अक्षर न् अक्षर वाचून घ्या, दहावीच्या वेळी दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. दाखला यायला उशीर झाला तरी त्या कारणाने प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे पाचवे कलम स्पष्ट सांगते. कोणी अडवलेच तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण मुलगी नक्की विचारेल. महाराष्ट्रात चौथीच्या वर्षी शिवरायांचा इतिहास असतो आणि तिसरीतली मुले त्या पुस्तकाची वाट पाहत असतात. कर्नाटकातील मराठी माध्यमाची पुस्तके या राज्याच्या अभ्यासक्रमाप्रमाणे असतात, त्यामुळे ते पुस्तक तिच्या दप्तरात येणार नाही. येथे तिला 1824 साली इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा भेटेल, आणि ते कित्तूर बेळगाव जिल्ह्यातच असल्याने एखाद्या रविवारी तिला तेथला किल्लाही दाखवता येईल. इचलकरंजी सोडताना चौथीचे इतिहासाचे ते एक पुस्तक मात्र विकत घ्या आणि सामानाच्या खोक्यात न टाकता तिच्या हातात द्या.