अंगठा उलटा वळला ते नंतर बघू, आधी ऑपरेशनची तारीख सांगा

हर्णैच्या एका ताईंचा मेसेज आलाय. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेलं, म्हणजे बनियन, त्याचं ऑपरेशन मुंबईत केलं, आता अंगठा बाकीच्या बोटांपासून फाकून उलट आतल्या बाजूला वळलाय, अंगठ्याची चप्पल पायात राहत नाही, डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, तर केस होईल का? असे मेसेज सारखे येतात, कधी गुडघा असतो कधी दात, आणि तारीख कोणी म्हणून लिहीत नाही. मी उलट विचारलं तेव्हा कळलं, तेवीस महिने झालेत!

ताई, ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रारीची मुदत दोन वर्षं. समोरचा वकील ऑपरेशनच्या दिवसापासून मोजणार. तुम्ही लिहिलंय की चौथ्या महिन्यापासून चप्पल बसेना, म्हणजे फार तर तिथून मोजा म्हणता येईल, पण महिना हातात असताना त्या वादात शिरायचंच कशाला. उशीर माफ होतो, पण सबळ कारण द्यावं लागतं आणि 'भाऊ गणपतीला आला की नोटीस पाठवू' हे कारण नव्हे. नोटिशीने मुदत थांबत नाही, डॉक्टरांच्या 'बघू, होईल बरं' नेही नाही.

फाईल माळ्यावर, एक्स-रे पावसाळ्यात एकमेकांना चिकटले म्हणता. काय बोलायचं आता. आजच हॉस्पिटलला केसपेपरसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यायला हवेत, आणि अ‍ॅडमिट पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं ठेवायचं बंधन आहे. संमतीपत्रात काय लिहिलंय ते मला बघायचंय.

जिंकाल का ते आत्ता सांगत नाही. अंगठा असा उलट वळणं, हॅलक्स व्हॅरस, ही या ऑपरेशनची माहीत असलेली गुंतागुंत आहे, तेवढ्यावरून हलगर्जीपणा ठरत नाही. हाड जास्त कापलं का, सांध्याच्या बाजूचे बंध जास्त सैल केले का, ते दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरने लेखी द्यायला हवं, आणि आपल्याकडे तसं लिहून देणारा डॉक्टर सापडणं अवघड. पोलीस तक्रारीचं डोक्यातून काढा.

मुंबईला जायची गरज नाही, तुम्ही राहता तिथे म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते, दिलेलं बिल पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. निकाल तीन ते पाच महिन्यांत असं कायद्यात लिहिलंय, वाचून हसा आणि काही वर्षं धरून चाला. डॉक्टरचं मत नंतर जोडता येईल, तक्रार या महिन्यात जाऊ दे.