सेक्रेटेरिएट बाप म्हणून खरंच फसला का?

तुम्ही विचारलंय की सेक्रेटेरिएटसारखा घोडा मैदानावर एवढा गाजला, मग स्टडला (पैदाशीसाठी फार्मवर) गेल्यावर त्याच्या पोटी दुसरा सेक्रेटेरिएट का निपजला नाही, आणि बाप म्हणून तो फसला असं म्हणायचं का. मुलगे मोजलेत तर थोडं तसं वाटेल. मुली मोजल्यात तर अजिबात वाटणार नाही.

रेसिंगचा हिशोब आधी उरकतो. २१ शर्यती, १६ विजय. १९७२ मध्ये दोन वर्षांचा असतानाच अमेरिकेत 'हॉर्स ऑफ द इयर', १९७३ मध्ये पुन्हा तोच मान. केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकून ट्रिपल क्राउन, जो त्याआधी २५ वर्षं कुणाला जमला नव्हता. तिन्ही शर्यतींतल्या त्याच्या वेळा आजही विक्रम म्हणून उभ्या आहेत. डर्बीच्या सव्वा मैलात प्रत्येक पाव मैल त्याने आधीच्यापेक्षा कमी वेळात काढला: पहिला २५.२ सेकंदांत, शेवटचा २३ मध्ये. रेस बघणाऱ्या माणसाला हे आकडे वेडे वाटतात, कारण शेवटी घोडा थकतो. हा वेग वाढवत गेला.

बेलमाँट दीड मैलाची, म्हणजे महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीएवढंच अंतर, फक्त गवताऐवजी मातीवर. शॅम नावाचा तगडा घोडा सुरुवातीला त्याच्या अंगाला अंग लावून धावला आणि त्या वेगाने पार मोडला. पाचात पाचवा आला. पुढे सेक्रेटेरिएट एकटाच. शेवटच्या टप्प्यात जॉकी रॉन टर्कोट मान वळवून घड्याळाकडे बघतोय असा फोटो आहे, कारण बघायला दुसरं कुणी जवळ नव्हतंच. ३१ लेंग्थनी (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला, २ मिनिटं २४ सेकंदांत. त्यानंतर हाच घोडा ओनियन आणि प्रूव्ह आउट या घोड्यांकडून हरलाही, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

आता स्टडचं. त्याची विक्री तीन वर्षांचा म्हणून पहिली रेस धावण्याआधीच झाली होती. मालकीण पेनी चेनरी यांचे वडील जानेवारी १९७३ मध्ये वारले आणि वारसा कराचा बोजा आला. क्लेबोर्न या पैदास फार्मच्या सेथ हॅनकॉक यांनी घोड्याचे ३२ हिस्से पाडले, एक हिस्सा १ लाख ९० हजार डॉलरला. एकूण ६०.८ लाख डॉलर, तेव्हाचा विक्रम. एवढे पैसे गुंतल्यावर लोक काय अपेक्षा ठेवणार, ते उघड आहे.

त्यात सुरुवातच अडखळली. तपासणीत त्याचं वीर्य अपरिपक्व निघालं आणि भागधारकांची झोप उडाली. मग चाचणी म्हणून साध्या घोड्यांशी त्याचा संयोग करवला गेला. त्यांतल्या एका अ‍ॅपलूसा (ठिपकेदार अंगाची जात) घोडीला १९७४ मध्ये शिंगरू झालं: बापासारखं तांबूस, पण पुठ्ठ्यावर ठिपके! जगातल्या सगळ्यात महागड्या घोड्याचं पहिलं अपत्य थरोब्रेड, म्हणजे शुद्ध रेसच्या जातीचं, नव्हतंच. पुढे कॅनेडियन बाउंड हा त्याचा मुलगा १९७६ च्या लिलावात १५ लाख डॉलरला गेला आणि एकही रेस जिंकला नाही. 'फेल' हा शिक्का तिथून चिकटला.

खरं तर मुलांतही रिझन स्टारने १९८८ मध्ये प्रीकनेस आणि बेलमाँट मारली, आणि किंग्स्टन रूलने १९९० चा मेलबर्न कप विक्रमी वेळेत. मुलगी लेडीज सीक्रेट १९८६ ची हॉर्स ऑफ द इयर. पण रिझन स्टारसकट एकाही मुलाने बापाची गादी चालवली नाही, हे मान्य करायला हवं.

खरी कमाई आजोळच्या बाजूने आहे. टर्लिंग्वा ही त्याची मुलगी. तिचा मुलगा स्टॉर्म कॅट, ज्याची एका घोडीमागची फी पुढे ५ लाख डॉलरवर गेली. वीकेंड सरप्राइज ही दुसरी; तिचे समर स्क्वॉल आणि ए. पी. इंडी. तिसरी सीक्रेटेम, तिचा गॉन वेस्ट. म्हणजे गेल्या चाळीस वर्षांतल्या अमेरिकी पैदाशीचे तीन मोठे खांब, स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी आणि गॉन वेस्ट, या एका घोड्याचे मुलीकडचे नातू. २०१५ चा अमेरिकन फेरो आणि २०१८ चा जस्टिफाय, दोघेही ट्रिपल क्राउनवाले, दोघांच्याही वंशावळीत स्टॉर्म कॅट आहे.

घोड्यांच्या लिलावाचा कॅटलॉग कधी चाळला असेल तर तुमच्या लक्षात येईल: बापाचं नाव वर असतं, पण जवळजवळ सगळं पान आई, आजी, पणजी आणि त्यांच्या पोरांच्या कामगिरीने भरलेलं असतं. खरेदीदार तेच वाचतो.

हे मुलींकडूनच का उतरलं? मोठ्या हृदयाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि बापाचं एक्स फक्त मुलीला मिळतं, असा एक लोकप्रिय सिद्धांत आहे. १९८९ मध्ये खुरांच्या लॅमिनायटिसमुळे त्याला दयामरण दिलं, तेव्हा शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना त्याचं हृदय अवाढव्य दिसलं. ते वजन न करताच पुरलं गेलं. दहा किलोचा आकडा नंतरचा अंदाज आहे. मला सिद्धांत आवडतो, पटत नाही. साधं कारण पुरेसं आहे: भागधारकांनी त्याच्याकडे एकापेक्षा एक खानदानी घोड्या पाठवल्या, त्यांच्या मुलींना दोन्हीकडचं रक्त मिळालं, आणि त्या मुली सिअ‍ॅटल स्लू, मिस्टर प्रॉस्पेक्टर, स्टॉर्म बर्ड असल्या नामी स्टॅलियनांकडे (पैदाशीच्या नरांकडे) गेल्या.